वाडीतली फळं (भाग ७) : रातांब्याची साल आणि रातांब्याची बी

उन्हाळ्यात अलिबागहून रेवदंडा-मुरूडकडे निघालं, की घरोघरी 'कोकम सरबत मिळेल'च्या पाट्या दिसू लागतात. बाटल्यांवरचा मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो : पित्तशामक, वजन घटवणारे, अँटिऑक्सिडंटयुक्त. यातलं खरं किती आणि पदरचं किती, ते या भागात पाहू.

रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, सगळा कस सालीत आहे. आतला गर आंबटगोड लागतो, पोरं तो चोखून बिया थुंकतात. पण औषधी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते बहुतेक सगळं सालीत असतं. सालीचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा. जांभूळ-करवंदांतही हाच गट आहे, पण रातांब्यात त्याचं प्रमाण भरघोस, सालीच्या ढोबळमानाने दोन-अडीच टक्के. दुसरा पदार्थ गार्सिनॉल. तो पिवळसर असतो आणि पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतो. प्रयोगशाळेत दोघेही अँटिऑक्सिडंट म्हणून चांगले गुण मिळवतात. मात्र परीक्षानळीतले गुण जसेच्या तसे शरीरात उतरत नाहीत. ही रंगद्रव्यं आतड्यातून रक्तात फार थोडी शोषली जातात. 'कर्करोग रोखते' असं कुणी छातीठोकपणे छापलं असेल तर ती बाटली खाली ठेवावी.

गार्सिनॉल स्निग्धात विरघळतं, म्हणून सोलकढी मला सरबतापेक्षा शहाणपणाची वाटते. नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशामुळे सालीतलं जे पाण्यात उतरत नाही, तेही थोडंफार उतरत असणार. शिवाय सोलकढी उकळत नाहीत. अँथोसायनिनला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाहीत. काचेच्या बाटलीत उन्हात मांडलेलं सरबत विटकरी दिसू लागतं ते यामुळेच.

रंग खरा की भेसळीचा, हे घरीच पाहता येतं. आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे, चार थेंब ग्लासभर पाण्यात टाका आणि वर चिमूट-दोन चिमूट खाण्याचा सोडा घाला. थोडा फेस येतो आणि लाल पाणी बघता बघता जांभळट, मग निळसर-करडं होतं. अँथोसायनिनचा रंग आम्लात लाल राहतो, आम्ल मोडलं की पालटतो. लाल तसाच राहिला तर बाटलीतला रंग झाडाचा नव्हे.

आता वजनाचं. सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, वाळलेल्या सालीत दहा-बारा टक्क्यांपर्यंत. गार्सिनिया कुळातल्या फळांत हे आम्ल आहे, ही ओळख १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी पटवली. शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका विकराला ते अडवतं, हे पुढे अमेरिकेत दिसलं आणि गोळ्यांचा धंदा उभा राहिला. १९९८ साली तिथेच १३५ लठ्ठ माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली. अर्ध्यांना रोज दीड ग्रॅम हे आम्ल, उरलेल्यांना नुसती खोटी गोळी. वजन घटण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आणि हे शुद्ध आम्लाचं झालं. आपल्या अमृत कोकमात सालीच्या दुप्पट साखर असते. ते पिऊन वजन उतरावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. साखर नको म्हणून आगळाकडे वळावं तर त्यात मीठ भरपूर, म्हणून रक्तदाबवाल्यांनी बेतानेच घ्यावं. या दोन्हींपेक्षा आमसूल बरं. आमटीत दोन-चार टाकली की काम होतं.

बियांकडे मात्र आपलं दुर्लक्ष आहे. एका फळात पाच ते आठ बिया असतात आणि त्यांच्या वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा निव्वळ तेल. रातांब्याची बी कुणी खात नाही. ती वाळवायची, फोडायची, कुटायची आणि पाण्यात उकळायची. वर तरंगणारं तेल काढून गार होऊ दिलं की पांढरट होतं आणि हाताने त्याचे गोळे वळता येतात. टाचांच्या भेगांना आणि थंडीत फुटलेल्या ओठांना कोकणात हेच लावतात.

हे तेल साध्या तापमानाला घट्ट राहतं, कारण त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल आहे आणि उरलेलं बहुतेक ओलेइक. चाळीस अंशांच्या आसपास ते वितळतं. याच गुणामुळे युरोपीय संघाने २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमात कोको बटरसोबत पाच टक्क्यांपर्यंत वापरायला ज्या सहा वनस्पती स्निग्धांना मुभा दिली, त्यांत आपल्या साल वृक्षाच्या तेलाबरोबर कोकमही आहे. आणि इथे आमसुलं घातली, की पुष्कळ घरी बिया उकिरड्यावर जातात.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपल्या. पोफळी आणि माडांबरोबर रातांबेही गेले. नव्याने लावताना बी रुजवू नका. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांच्या रोपाला फुलोरा येईपर्यंत सहा-सात वर्षं कशाची सेवा करतोय तेच कळत नाही. मादी झाडाची कलमं घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात पावसाआधी हाती येते, त्यामुळे आमसुलं उन्हात वाळवायला वेळ मिळतो. खड्डे मे महिन्यात घेऊन ठेवा, कलमं पहिल्या पावसानंतर लावा.