फिरतीवरचा अपघात आणि त्यानंतरचे सहा महिने

सकाळी पणजीहून निघायचे, म्हापसा, डिचोली, साखळी करीत वाळपईपर्यंत जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, हा गोव्यातील शेकडो माणसांचा रोजचा क्रम आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी, वित्तसंस्थेचा वसुली कर्मचारी, दुकानांतून मागण्या गोळा करणारा विक्रेता, मोबाइल मनोऱ्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ, या सर्वांचे कार्यालय म्हणजे दुचाकीचे आसन. बेळगावहून चोर्ला घाट उतरून आठवड्यातले दोन दिवस गोव्याचा बाजार करणारेही यांतच येतात. पावसात वळणावर चाक घसरते, अंधारात रस्त्यात बसलेली गुरे दिसत नाहीत, किंवा मागून येणारा टिप्पर हूल देऊन निघून जातो. जीव वाचला, डोक्यावर हेल्मेट होते, फक्त पाय मोडला, म्हणून घरचे देवाचे आभार मानतात. ते योग्यच आहे. मात्र त्या ‘फक्त’मध्ये पुढचे सहा महिने दडलेले असतात, आणि ते कसे जाणार हे पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांतच ठरून जाते.

दुचाकीस्वाराच्या नडगीचे हाड वारंवार मोडते, याला कारण आहे. बंपर, दुभाजक, स्वतःच्याच गाडीचे धूड, सारे त्याच उंचीवर येऊन आदळते. शिवाय नडगीच्या पुढच्या अंगाला स्नायूंचे आच्छादन नाही. हाडावर थेट कातडी. त्यामुळे मोडलेले टोक कातडी फाडून बाहेर येण्याचा धोका येथे अधिक असतो. अशा उघड्या जखमेत रस्त्यावरची माती जाते. ती धुऊन काढणे व प्रतिजैविक लवकरात लवकर सुरू करणे याला हाड बसवण्याइतकेच महत्त्व आहे. घटनास्थळी जमलेल्यांनी हाड आत ढकलण्याचा किंवा पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. स्वच्छ कापड ठेवून, पायाला आधार देऊन १०८ ला बोलावावे. आपल्यावर बालंट येईल या भीतीने पुष्कळ जण थांबत नाहीत; पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर त्या मदतीसाठी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

दोन गोष्टींबाबत पहिल्या काही दिवसांत डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पोटरी दगडासारखी घट्ट होणे, बोटे हलवताना असह्य कळ येणे, बधिरपणा वाढत जाणे, ही स्नायूंच्या कप्प्यांत दाब चढल्याची लक्षणे असतात. काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास पाय कायमचा निकामी होऊ शकतो. गावच्या हाडवैद्याकडे जाऊन ताज्या मोडीवर घट्ट पट्टी बांधून घेणे यासाठीच धोक्याचे. दुसरी गोष्ट डोक्याची. हेल्मेटने कवटी वाचवली तरी मेंदूला हिसका बसलेला असू शकतो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, ग्लानी दिसली तर पायाची काळजी बाजूला ठेवून पुन्हा तपासणी करावी.

याच गडबडीत रुग्णालयाच्या खिडकीवर कुणीतरी एक प्रश्न विचारते : कसे झाले? बरोबर आलेला नातेवाईक, पोलिसांची कटकट नको म्हणून, सांगून मोकळा होतो की घरी जाताना पडला. केसपेपरवर तेवढेच उतरते. वास्तविक तो माणूस कामावर होता, साखळीच्या दवाखान्यातून वाळपईच्या दवाखान्याकडे निघाला होता, मागून धक्का बसला होता. एका वाक्याने हे सारे पुसले जाते. पुढे महिन्याभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो. म्हणून अपघाताची वेळ, ठिकाण, कोणत्या कामासाठी कुठून कुठे जाणे चालले होते, दुसरे वाहन होते की नाही, हे खरे तसे केसपेपरवर लिहून घ्यावे आणि रुग्णालयात ज्याला सर्रास ‘एमएलसी’ म्हणतात त्या नोंदीचा क्रमांक जपून ठेवावा. त्या दिवसाच्या दौऱ्याचा आराखडा, वरिष्ठांना गेलेला संदेश, शेवटच्या दुकानाची पावती, हे त्याच संध्याकाळी कुणाकडून तरी एकत्र करून घ्यावे. मालकालाही लेखी कळवावे. फोनवर सांगितले होते, हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते.

कागदांना एवढे महत्त्व का, हे हाडाच्या वेळापत्रकाकडे पाहिले म्हणजे कळते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, त्यातून काही आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, तो हळूहळू टणक होतो, आणि मग कित्येक महिने शरीर त्याला घडवत राहते. आज नडगीच्या पोकळीत सळई घालून हाड आतून धरून ठेवतात. त्यामुळे रुग्ण काही दिवसांतच वॉकर घेऊन उभा राहतो, आणि पाहणाऱ्यांचा गैरसमज होतो की हाड जुळले. सळई फक्त आधार देते. हाड जुळायचा तो वेळ घेतेच, साधारण चार ते सहा महिने. जखम उघडी असेल, किंवा मोड नडगीच्या खालच्या, रक्तपुरवठा कमी असलेल्या भागात असेल, तर याहूनही अधिक. सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते. मधुमेह आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाची भीती वाढते. आहाराचे म्हणाल तर त्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. डाळी, अंडी, दूध, मासळी यांतून प्रथिने मिळतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता मात्र रक्त तपासूनच कळते.

हाडापेक्षा घात करतो तो स्नायू. मांडीचा पुढचा स्नायू दोन आठवड्यांच्या विश्रांतीत डोळ्यांना दिसावा इतका वाळतो आणि गुडघा आखडू लागतो. घोटा वरखाली करणे, गुडघा खाली दाबून मांडी आवळणे हे व्यायाम बहुतेकांना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून सांगितले जातात. रुग्ण ते टाळतो, कारण दुखते. घरातलेही मायेने पडून राहायला सांगतात. तीन महिन्यांनी एक्स-रे उत्तम येतो आणि माणूस मात्र जिना चढू शकत नाही. फिजिओथेरपीच्या खेपा पैशांअभावी मध्येच सोडणारेही कमी नाहीत.

पैसा हाच या सहा महिन्यांतला खरा प्रश्न. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर तेथे एक भेद नीट समजून घ्यावा. सामान्य आजारपणाचा लाभ सरासरी वेतनाच्या ७० टक्के असतो आणि तो वर्षाला कमाल ९१ दिवस मिळतो. कामावरील इजेमुळे आलेल्या तात्पुरत्या अक्षमतेचा लाभ ९० टक्के असतो आणि अक्षमता असेपर्यंत चालू राहतो. त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. कालच रुजू झालेल्यालाही तो लागू आहे. नडगी ९१ दिवसांत जुळत नाही. म्हणजे अपघात ‘आजारपण’ म्हणून नोंदला गेला तर पगाराचा आधार सुटतो तो नेमका वॉकर सोडून काठीवर येण्याच्या सुमारास, आणि मग माणूस काठी गाडीला अडकवून फिरतीवर निघतो. मालकाने अपघाताचा अहवाल विमा महामंडळाला वेळेत धाडला की नाही, हे म्हणूनच विचारून घ्यावे लागते.

या योजनेबाहेरच्यांसाठी १९२३ पासून कामगार भरपाईचा कायदा होता. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना १९७६ च्या कायद्याने त्याच्या कक्षेत आणले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. तात्पुरत्या अक्षमतेत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन, असे तिचे स्वरूप आहे. उपचारांचा खर्च वेगळा. मात्र २०२० साली केंद्राने भरपाईच्या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरवली. त्या हिशेबाने चाळीस हजार मिळवणाऱ्यालाही महिन्याला साडेसात हजारच. घराचा हप्ता यात बसत नाही.

कामावर जाता-येता झालेला अपघात कामावरचा मानायचा का, हा वाद जुना आहे. २००३ साली महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा चौकीदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. प्रवासाची वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर तो कामावरचाच अपघात, असे न्यायालयाने मानले. निकाल यायला बावीस वर्षे गेली.

धडक दुसऱ्या वाहनाची असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग खुला असतो. मात्र भरपाई तिथली किंवा मालकाकडची, यांपैकी एकच घेता येते. कलम १६४ खाली दुसऱ्याची चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. कलम १६६ च्या दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. तिच्याबद्दल न्यायालयीन वाद असला तरी तिच्या आत अर्ज करणे शहाणपणाचे. चोर्ल्यात पडलेल्या बेळगावकराला त्यासाठी गोव्यात खेटे घालावे लागत नाहीत. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो. याखेरीज मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार नियुक्त रुग्णालयात मिळू शकतात. त्यासाठी पोलिसांकडून अपघाताची खातरजमा लागते, म्हणजे पुन्हा तीच पहिल्या दिवसाची नोंद.

दुसरे वाहनच नसेल, गाडी घसरूनच पाय मोडला असेल, तर न्यायाधिकरणात भरपाई मागायला समोर कुणी उरत नाही. अशा वेळी ‘मी कामावर होतो’ हेच काय ते हाती राहते. गाडीच्या विम्यातले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पुष्कळांना मोठा आधार वाटते. ते मृत्यू, अवयव वा दृष्टी गमावणे आणि कायमची पूर्ण अक्षमता यांपुरतेच आहे, मोडून जुळणाऱ्या पायासाठी नाही. पॉलिसीवरचा आणखी एक मजकूर फिरतीवाल्यांनी वाचावा. खासगी दुचाकीवर भाड्याने वाहतूक व मालवाहतूक विम्याबाहेर ठेवलेली असते. अपवाद फक्त नमुने आणि वैयक्तिक सामान. औषधांच्या नमुन्यांची पिशवी चालते, खाद्यपदार्थांची घरपोच पेटी मात्र वादात सापडू शकते.

पुन्हा गाडीवर कधी बसायचे, हे एक्स-रे एकटा ठरवीत नाही. उजव्या पायाने करकचून ब्रेक दाबता आला पाहिजे, डाव्या पायाने गिअर बदलता आला पाहिजे, आणि उभ्या गाडीचा तोल एका पायावर पेलता आला पाहिजे. झोप आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सुरू असतील तर विषयच नको. काहींचे पाय तयार असतात, मन नसते. मागून हॉर्न वाजला की अंगाला घाम सुटतो, अपघाताची जागा टाळून चार किलोमीटरचा वळसा घेतला जातो, रात्री तोच आवाज ऐकू येतो. महिनाभरानंतरही हे चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. त्यावर चांगले उपचार आहेत. मधल्या काळात टेबलावरचे काम किंवा बसच्या मार्गावरील गावे देण्याची विनंती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मालकाला लेखी करावी. तोंडी मागणीला बहुधा टाळाटाळ होते.

सहा महिन्यांनंतरही पाय थोडा आखूड, गुडघा थोडा ताठ राहिला, तर अपंगत्वाचा दाखला घेताना केवळ टक्क्यांवर समाधान मानू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी यांत फरक केला. डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची कदाचित बुडणारही नाही, असे त्यात उदाहरण आहे. दिवसाला शंभर किलोमीटर दुचाकी चालवणे हेच ज्याचे काम, त्याच्या ताठ गुडघ्याची किंमत त्याच न्यायाने काढावी लागते. म्हणून दाव्यात रोजच्या फिरतीचे वर्णन यायला हवे, आणि पुढचा खर्चही. सळई बहुतेकदा आत राहिली तरी चालते. गुडघ्यापुढे सतत टोचत असेल तर मात्र हाड पक्के झाल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी, ती काढतात. त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि तिच्यासाठी लागणारी रजा आधीच लिहून घातली नसेल, तर ती रजा पुन्हा पगाराविना घ्यावी लागते.