कॉम्प्युटरचा पंखा: दिसतो वेगळा, टिकतो किती?

मुलांना कॉम्प्युटर जोडून घ्यायला गेलं की दुकानदार आता पंख्यांचेच चार नमुने पुढ्यात ठेवतो. मुलं म्हणतात, "अब्बा, लाइटवालाच घ्या." लाइटने हवा वाढत नाही, एवढं आधीच सांगतो.

उलट्या पात्यांचा पंखा मुख्यतः दिसण्यासाठी असतो; त्याची आधाराची दांडकी नजरेआड राहतात. पात्यांच्या टोकांना कडं असेल तर पाती कमी थरथरतात, पण वाढलेलं वजन बेअरिंगवर येतं.

अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत जेफ कोप्लो यांनी वेगळा पंखाच काढून टाकला. उष्णता सोडणारा धातूचा भागच फिरतो, खाली केसापेक्षा पातळ हवेचा थर. आवाज कमी, धूळही फारशी बसत नाही. तरी घरच्या कॉम्प्युटरसाठी तो बाजारात रुळला नाही. 2022 मध्ये आलेल्या एअरजेट मिनीत तर पातीच नाहीत, बारीक पडदे थरथरून हवा ढकलतात. जाडी 2.8 मिलिमीटर, पण एक चिप जेमतेम 5 वॅट उष्णता काढते. घरच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर सहज 65 वॅटचा असतो!

आपल्या कोल्हापुरात, विशेषतः शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींजवळ, खरा प्रश्न धुळीचा. साध्या स्लीव्ह बेअरिंगचं तेल उन्हाळ्यात लवकर सुकतं, मग घरघर सुरू. बॉल बेअरिंग थोडं आवाज करतं, पण उष्णता सोसतं. म्हणून आम्ही दुकानात आधी बेअरिंग कुठलं ते विचारतो, मग वॉरंटी. खोक्यावरचे 1,50,000 तास म्हणजे सतरा वर्षं, पण तो कंपनीचा हिशोब. त्यात आपल्याकडची धूळ धरलेली नसते. महिन्याला जाळी ब्रशने झाडा, हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा.