तांब्याचे वेढे आणि सुराची जवारी

मुंबई–आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर वसलेले सोनगीर हे गाव खानदेशात दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : एक, गावालगतच्या टेकडीवरचा जुना किल्ला आणि दुसरी, गावातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली तांब्या-पितळेची भांडी. घणाखाली न फाटता पसरत जाणे हा तांब्याचा गुण तांबटाच्या कामी येतो, तसाच ओढली असता न तुटता लांबत जाणे हा त्याचा दुसरा गुण तार ओढणाऱ्याच्या कामी येतो; आणि केसाइतक्या बारीक अशा तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांवर इलेक्ट्रिक गिटार या विसाव्या शतकातील वाद्याचा सारा आवाज उभा आहे. या वाद्याचे हौशी वादक पिकअप, पेडल, ॲम्प्लिफायर आणि हाताने बनवून घेतलेल्या गिटारींविषयी तासन्‌तास बोलतात, तेव्हा ऐकणाऱ्याला ती यंत्रांच्या किमतींची आणि नमुन्यांची चर्चा वाटण्याचा संभव असतो, परंतु तिचा खरा विषय नादाची जात हा असतो. संगीतशास्त्रात नादाची तारता म्हणजे उंची, तीव्रता म्हणजे लहानमोठेपणा आणि जात म्हणजे तोच षड्ज सनईतून, सारंगीतून वा माणसाच्या गळ्यातून आला असता वेगवेगळा ओळखू येण्याचा गुण, असे तीन धर्म मानले जातात. त्यांतील तिसरा धर्म हाताने घडवता येतो, हे गिटारच्या या साधनांइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे काही दाखवून देते.

लाकडी पोकळ पेटीच्या गिटारमध्ये तारेचे कंपन पेटीला आणि पेटीतील हवेला मिळून आवाज मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असल्याने तिच्या तारांचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो आणि त्या तारांची हालचाल टिपण्याचे काम तारांखाली बसवलेला पिकअप करतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर, म्हणजे वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते या तत्त्वावर, पिकअप चालतो : चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते, तिच्यावर पोलादी तार थरथरते आणि त्या थरथरीची हुबेहूब विजेची प्रतिकृती वेटोळ्यातून बाहेर पडते. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारच्या एका पिकअपवर सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या त्या लहानशा वस्तूत एक किलोमीटरहून थोडी अधिक तार असते. वेढे वाढवले तर आवाज जोरकस परंतु वरच्या स्वरांत दबलेला येतो, कमी केले तर तो स्वच्छ पण पातळ होतो. आणि वेढे यंत्राप्रमाणे एकसारखे न बसवता हाताने थोडे विस्कळीत बसवले तर वेढ्यावेढ्यांतील विद्युतधारिता घटून वरचे स्वर अधिक मोकळे होतात, असे हाताने पिकअप गुंडाळणारे कारागीर सांगतात.

अशा एकेरी वेटोळ्यात घरातील विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाची गुणगुणही शिरते, आणि वायरिंगला नीट अर्थिंग नसलेल्या मंडपात ती किती त्रासदायक होते हे ध्वनिक्षेपकाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात उपाय काढला : दोन वेटोळी उलट दिशांनी आणि उलट चुंबकध्रुवांनी जोडली, की बाहेरची गुणगुण दोन्हींत परस्परविरुद्ध येऊन विझते आणि तारेचा आवाज मात्र दोन्हींतून मिळून येतो. हमबकर या नावाने ओळखला जाणारा हा पिकअप १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींवर बसू लागला. गुणगुण गेली, पण त्याबरोबर सुरातील थोडी धारही गेली. त्यामुळे एकेरी वेटोळे बरे की दुहेरी, हा वाद आजतागायत सुरू आहे आणि तो सुरू राहणे रास्तच आहे, कारण दोन्हींचे नाद खरोखरच भिन्न आहेत.

पिकअपमधून येणारी वीज फार दुबळी असते, म्हणून ती ॲम्प्लिफायरमधून मोठी करावी लागते. आरंभीचे ॲम्प्लिफायर जुन्या रेडिओंप्रमाणे व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्हच्या क्षमतेपलीकडे वीज ढकलली की ध्वनिलहरीची टोके छाटली जातात आणि मूळ सुरात नसलेले अनेक उपस्वर तिच्यात उमटतात. अभियंत्यांच्या दृष्टीने ही विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, होती व ती टाळणे हे त्यांचे कर्तव्य होते. वादकांना मात्र तिच्यात एक भरदार, किंचित खरखरीत आणि लांब टिकणारा सूर सापडला. पश्चिम लंडनमध्ये दुकान चालवणारे ड्रमवादक जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ च्या सुमारास फेंडरच्या बासमन या ॲम्प्लिफायरच्या रचनेवरून आपला जेटीएम ४५ बनवला, आणि थोडे वेगळे व्हॉल्व्ह, वेगळे ट्रान्सफॉर्मर व वेगळे स्पीकर यांमुळे त्याच रचनेतून निराळ्याच स्वभावाचा नाद निघाला. एकाच विद्युतमंडलाची दोन भावंडे इतकी वेगळी का बोलतात, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याला या क्षेत्राची गोडी लागणे अवघड आहे.

नादाची जात हाताने घडवण्याचा हा विचार महाराष्ट्राला परका नाही, कारण मिरजेत तो दीड शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे असलेल्या कुटुंबांनी, त्यांत फरीदसाहेब सितारमेकर हे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. सोलापूर जिल्ह्यातील भोपळे आणि तुणीचे लाकूड यांपासून बनणाऱ्या मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या कामातील सर्वांत नाजूक भाग जवारी काढणे हा होय. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट न ठेवता कानसेने अत्यंत सौम्य उताराचा केला जातो, त्यामुळे कंप पावणारी तार घोडीला क्षणोक्षणी स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून उपस्वरांचा झणकार उठतो. षड्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येतो तो तिच्या पाचव्या उपस्वरामुळे, आणि तो ठळक करण्याचे काम जवारी करते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा व तानपुरा या वाद्यांवर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले, की जेथे तार छेडली त्या जागेमुळे सिद्धांताप्रमाणे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे जोरकसपणे उमटतात. शुद्ध कंपनात मुद्दाम अडथळा आणून उपस्वरांची श्रीमंती मिळवणे हे जवारीचे तत्त्व आहे, आणि ध्वनिलहर छाटून तीच श्रीमंती विजेच्या मार्गाने मिळवणे हे व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे. जवारी खुली हवी की बंद, यावर मिरजेच्या कारागिराशी तासभर बोलणारा गायक आणि डिस्टॉर्शन किती हवे यावर खल करणारा गिटारवादक हे दोघे एकाच शोधात असतात, असे म्हणण्यास पूर्ण आधार आहे.

पायाने चालू-बंद करता येणारी लहान पेटी, म्हणजे पेडल, हे या शोधाचे पुढचे पाऊल होय. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण होत असताना मिश्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि त्यातून बेस गिटारचा फाटलेला, गुरगुरणारा आवाज आला. तो तसाच ठेवला गेला. तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारे मेस्ट्रो फझ-टोन हे पेडल १९६२ मध्ये बाजारात आले, आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यानंतर त्याला जगभर मागणी आली. पुढे सूर काही क्षणांनी पुन्हा ऐकवणारे डिले, मोठ्या दालनातील घुमारा देणारे रिव्हर्ब, सूर हेलकावणारे कोरस अशी अनेक पेडल्स आली. ती कोणत्या क्रमाने जोडायची यालाही महत्त्व असते, कारण आधी सूर फाडून मग त्याचा प्रतिध्वनी करणे आणि आधी प्रतिध्वनी करून मग तो सगळा फाडणे यांतून निघणारे परिणाम अगदी वेगळे असतात.

जुन्या फझ, म्हणजे सूर फाडणाऱ्या, पेडल्समध्ये जर्मेनियम या मूलद्रव्याचे ट्रान्झिस्टर असत, आणि त्यांचा सूर सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरांहून मऊ असल्याचे वादक मानतात. येथे खानदेशच्या वादकाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून नको असतानाही थोडी वीज झिरपत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही गळती ढोबळमानाने दुप्पट होते. लंडनच्या थंड खोलीत जुळवलेले पेडल धुळे-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४२–४३ अंशांवर असताना, उघड्या मांडवात ठेवले तर त्याची जुळणी ढळते, सूर तुटक येतो किंवा पार बसतो. असे पेडल उन्हाळ्यातील लग्नसराईत वापरायचे असेल तर त्याची जुळणी त्याच उष्म्यात करावी लागेल, अन्यथा सिलिकॉनचे पेडल निवडणेच शहाणपणाचे ठरेल.

मुंबईत इलेक्ट्रिक गिटार चित्रपटसंगीताच्या वाटेने रुजली. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवायच्या हवाईयन इलेक्ट्रिक गिटारवर व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांसारख्या वादकांनी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, तर राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात भूपिंदर सिंग यांच्या गिटारीने एका पिढीचे कान घडवले. आयात माल दुर्मिळ आणि महाग असल्याने १९९१ पूर्वी परदेशी ॲम्प्लिफायर वा पेडल हाती येणे हा योग असे. देशी गिटारी बहुतांशी कोलकात्याहून येत. या टंचाईने एक चांगले केले, ते म्हणजे मंडल उघडून पाहण्याची, तारा जोडून पाहण्याची आणि असलेल्या साधनातून हवा तो नाद काढण्याची सवय लावली. आज मुंबईत आदित्य नंदवाना यांची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही संस्था स्वतःच्या रचनेची फझ आणि डिस्टॉर्शनची पेडल्स बनवते, आणि पिट वायपर, बॅरन सामेदी ही तिची पेडल्स परदेशांतील वादकही घेतात.

हाताने बनवलेल्या गिटारींच्या बाबतीत भारताचा वाटा निराळ्या मार्गाने आहे. जगातील असंख्य गिटारींच्या मानेवरील पट्टी भारतीय शिसवीची असते. या वृक्षाच्या व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय परवान्यांचे बंधन आले तेव्हा वाद्य घेऊन सीमा ओलांडणाऱ्या वादकांचीही अडचण झाली, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट द्यावी लागली. ज्या देशाचे लाकूड इतके मोलाचे मानले जाते, त्या देशात त्याच लाकडाची गिटार घडवणारे कारागीर मोजके असावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

तरीही महाराष्ट्राने विजेवरचे स्वतःचे एक तंतुवाद्य घडवले आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. ते म्हणजे बेंजो. पाश्चात्त्य बँजोशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी टंकलेखनयंत्राच्या कळांवरून सुचून ताइशोगोतो हे वाद्य तयार केले : लांबट पेटीवर तारा, त्यांच्यावर कळा, डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हातातील पट्टीने तार छेडायची. हे वाद्य भारतात येऊन बुलबुलतरंग झाले, बलुचिस्तानात बेंजू झाले, आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप बसवून बेंजो पार्टीचे मुख्य वाद्य करण्यात आले. कोळीगीते, गणेशोत्सवाची मिरवणूक, वरात यांत ढोल-ताशांच्या गजरातही त्याची सुरावट ऐकू यावी लागते, म्हणून त्याला गिटारचेच ॲम्प्लिफायर आणि प्रोसेसर, म्हणजे अनेक पेडल्सचे काम एका पेटीत करणारे यंत्र, जोडले जाते. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच वादकांवर बेंजो हा हिंदी चित्रपट काढला. पण चित्रपटाने वादकांचे जीवन पुढे आणले तरी वाद्याची घडण दुर्लक्षितच राहिली.

ही घडण अभ्यासण्याजोगी आहे. बेंजोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, घेण्याची सोय गिटारपेक्षा मर्यादित असते, कारण बोट थेट तारेवर नसून कळेवर असते. म्हणून डिस्टॉर्शनने सूर लांबवणे आणि डिलेने दोन सुरांमधील रिकामी जागा भरणे ही बेंजोवादकाची वास्तविक गरज ठरते. परंतु गिटारसाठी बनवलेली पेडल्स गिटारच्या स्वरपट्टीला धरून असतात. १९७९ च्या सुमारास आलेले आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर हे प्रसिद्ध पेडल सुमारे ७२० हर्ट्झखालचा भाग कमी छाटते, कारण गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि ती सगळी छाटली तर आवाज चिखलासारखा होतो. बेंजोची सुरावट मुख्यतः मध्य आणि तार सप्तकात फिरते, तिला ही मर्यादा वेगळ्या ठिकाणी हवी. त्याहून मोठी अडचण सुरावटीबरोबर सतत वाजणाऱ्या षड्ज-पंचमाच्या तारांची आहे : दोन भिन्न सूर एकत्र छाटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे, बेसूर नाद तयार होतात. सुरावटीच्या तारांखाली एक आणि आधारस्वराच्या तारांखाली दुसरा असे दोन स्वतंत्र पिकअप बसवले, त्यांतील पहिल्यालाच डिस्टॉर्शन दिले आणि दुसरा स्वच्छ ठेवून शेवटी दोन्ही मिसळले, तर ही अडचण दूर होते. यासाठी लागणारी तार, चुंबक, मेण आणि सुटे भाग महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहराच्या बाजारात मिळतात, आणि बेंजोसाठी खास जुळवलेले पेडल मुंबईच्या एखाद्या कारागिराने खानदेशच्या उन्हाळ्यात तपासून बाजारात आणले तर त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.