एक काडतूस, दोन हत्यारे

अमेरिकेतील गुराखी, ज्याला तिकडे काउबॉय म्हणतात, तो आपल्याला ठाऊक आहे तो चित्रपटांतून. घोड्यावर मांड ठोकलेला, कमरेला पिस्तूल लटकावलेला आणि कोणाचाही ताबेदार नसलेला. वास्तविक हा गडी रोजगारी मजूर होता. १८८३ साली टेक्सासच्या उत्तर भागात चोवीस जणांनी सह्या करून मालकांना कळविले, की महिन्याला ५० डॉलर द्या, नाही तर काम बंद. त्या वेळी त्यांना २५ ते ४० डॉलर मिळत. संप सुमारे अडीच महिने चालला आणि अखेर मोडला. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. या संपाची हकीकत वाचता वाचताच आम्ही त्या गुराख्याच्या हत्यारांपर्यंत आणि हत्यारांवरून काडतुसांपर्यंत येऊन पोहोचलो.

त्या काळाच्या आठवणीवर आज अमेरिकेत एक खेळ उभा आहे. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही त्याची मोठी संस्था १९८७ साली स्थापन झाली. खेळाडू जुन्या काळचा पोशाख करून येतात आणि जुन्या घडणीची हत्यारे वापरतात. दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि एक छऱ्याची बंदूक. रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. रायफल खालचा दांडा पुढेमागे करून भरावी लागते. समोर पोलादी पत्रे टांगलेले असतात. ते ठरलेल्या क्रमाने, कमीत कमी वेळात टिपायचे. छऱ्याच्या बंदुकीचा विचार वेगळा आहे, तो येथे करीत नाही. रायफल आणि रिव्हॉल्व्हर यांना कोणते काडतूस निवडावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. आपण सरसकट 'गोळी' म्हणतो, पण गोळी हा काडतुसाचा एक भाग झाला. पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी, असे चारही मिळून काडतूस होते. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असल्यामुळे आपल्याकडील कित्येक कामगार कुटुंबांना हे सांगण्याची गरज नाही.

आता मूळ अडचण पाहा. माळरानावर महिनोन्‌महिने फिरणाऱ्या माणसाला दोन हत्यारांसाठी दोन तऱ्हेची काडतुसे बाळगणे गैरसोयीचे. १८७३ साली विंचेस्टर कंपनीची प्रसिद्ध रायफल निघाली, तिचे काडतूस ४४-४०. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, म्हणजे सुमारे ०.४४ इंच, दुसरा दारूच्या वजनाचा, ४० ग्रेन. त्याच वर्षी कोल्ट कंपनीचे रिव्हॉल्व्हर निघाले, पण त्याचे काडतूस निराळे, ४५ कोल्ट. पुढे काही वर्षांतच कोल्टने ४४-४० चे रिव्हॉल्व्हरही काढले आणि एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही हत्यारांना चालू लागली. ही सोय आजच्या खेळाडूलाही हवी असते. घाईच्या वेळी चुकीचे काडतूस हाती येण्याचा धोकाच त्यामुळे टळतो.

मग ४४-४० घ्यावे की ४५ कोल्ट? जुनी काळी दारू वापरणाऱ्याला ४४-४० मानवते. त्याचे पितळ पातळ असते. बार होताच ते फुगून कप्प्याच्या भिंतीला घट्ट बसते आणि काजळी मागे येत नाही. ४५ कोल्टचे पितळ जाड. दारूचा जोर बेताचा असला तर ते नीट फुगत नाही आणि रायफलीच्या यंत्रात काजळी साठते. शिवाय त्या काळी ४५ कोल्टची विंचेस्टर रायफल नव्हती. आज मिळते ती नव्या काळातली. ज्याला जुन्या दारूचा धूर नको, धक्का कमी हवा आणि खर्चही कमी हवा, असा खेळाडू बहुधा ३८ स्पेशल निवडतो. ते १८९८ सालचे. जास्त लांब असलेल्या ३५७ मॅग्नमच्या हत्यारातही ते चालते.

मात्र 'बसते' आणि 'चालते' यांत फरक आहे. १८७३ च्या घडणीच्या रायफलीत काडतूस एका ठोकळ्यात येते आणि ठोकळा ते वर उचलतो. काडतूस आखूड पडले, तर पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्याचे बूड ठोकळ्यात शिरते आणि यंत्र अडते. लांब झाले तरी अडते. म्हणून काडतुसाची एकूण लांबी त्या विशिष्ट रायफलीला जुळते की नाही, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट गोळीच्या आकाराची. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ओळीने असतात. मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते. नाक टोकदार असेल, तर धक्क्याने पुढची टोपी पेटू शकते. यासाठी चपट्या नाकाचीच गोळी घ्यावी. रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रश्न येत नाही, परंतु एकच काडतूस दोन्हींकडे वापरायचे असल्याने रायफलीचा नियम दोघांचा नियम होतो.

तिसरी गोष्ट नावाच्या फसवणुकीची. १८९२ ची विंचेस्टर रायफल अधिक मजबूत होती. तिच्यासाठी ४४-४० याच नावाची जास्त जोराची काडतुसेही निघाली. ती १८७३ च्या रायफलीत किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये घालणे म्हणजे हात गमावण्याची तयारी होय. काडतूस कप्प्यात बसले एवढ्यावर भरवसा ठेवू नये. हत्याराचे वय आणि बळ विचारावे.

आता नियमांकडे येऊ, आणि येथेच आमच्यासारख्याचे कुतूहल जागे होते. संस्थेने वेगाला कमाल मर्यादा घातली आहे. रिव्हॉल्व्हरची गोळी सेकंदाला १००० फुटांच्या आत, रायफलीची १४०० फुटांच्या आत. गोळी शिशाची हवी. तांब्याचे वेष्टण चालत नाही. कारण उघड आहे. रिव्हॉल्व्हरची लक्ष्ये अवघ्या ७ ते १० यार्डांवर असतात. मऊ शिसे गुळगुळीत पोलादावर आपटून चपटे होते, फुटते आणि बाजूला उडते. गोळी फार वेगाची असेल तर पत्र्याला खळगे पडतात, आणि खळग्यात आपटलेले शिसे उलटून माणसांकडे येते. तिथे नेमबाज एकटा नसतो. वेळ मोजणारा, गुण मांडणारे आणि प्रेक्षक शेजारी उभे असतात. सर्वांना डोळ्यांवर चष्मा लावावा लागतो तो याचसाठी.

पण कमाल मर्यादेने काम भागत नाही. धक्का जितका कमी तितका पुढचा बार लवकर, म्हणून बक्षिसाच्या मागे लागलेला खेळाडू दारू कमी कमी करीत जातो. अति कमी दारूने गोळी नळीतच अडकू शकते. ते न कळता दुसरा बार केला तर नळी फुटते. ४५ कोल्टसारख्या मोठ्या नळकांड्यात बिनधुराची दारू तळाशी चिमूटभर दिसते. ती चुकून दुप्पट पडली तरी वरून ध्यानात येत नाही. म्हणून मोठ्या सामन्यांत किमान मर्यादाही आहे. गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले वेग, भागिले १०००, हा आकडा ६० पेक्षा कमी नको आणि वेग ४०० फुटांखाली नको. १०५ ग्रेनची गोळी ६०० फुटांच्या वेगाने गेली तर आकडा ६३ येतो, ती चालेल. ५०० फुटांनी गेली तर ५२.५, ती चालणार नाही.

वर छत आणि खाली जमीन, अशी ही रचना आहे. कामाच्या तासांना कमाल आणि वेतनाला किमान मर्यादा का लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती परकी वाटणार नाही. चढाओढीत माणूस आपण होऊन थांबत नाही. एकाने दारू घटविली की दुसऱ्याला घटवावी लागते. मर्यादा सर्वांनी मिळून घातली, तरच ती पाळणारा मागे पडत नाही.

पुष्कळ खेळाडू खर्चासाठी काडतुसे घरीच भरतात. त्यांनी छापील कोष्टकाबाहेर जाऊ नये आणि प्रत्येक नळकांड्यात उजेडात डोकावून पाहावे. शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज तोंडात घास घालू नये. आपल्या छापखान्यांत शिशाचे खिळे जुळविणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या प्रकृतीची किंमत देऊन शिकविली आहे.

सारांश, निवड करताना क्रम असा ठेवावा. आधी रायफल, कारण तिचे यंत्र जास्त चोखंदळ. मग तिला आणि रिव्हॉल्व्हरला दोघांनाही मानवेल असे एक काडतूस. मग चपट्या नाकाची शिशाची गोळी. मग दारू, दोन्ही मर्यादांच्या मध्ये. आणि सहा कप्प्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर टेकवावा. हा जुना रिवाज आज खेळाचा नियम आहे. जास्त जोराचे ते चांगले, ही समजूत येथे कामाची नाही. आपले काडतूस आपल्या हत्याराला झेपले पाहिजे, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यालाही.