चटका, चरचर आणि झिणझिण्या
तीक्ष्ण संवेदनांची भाषा

काशीच्या संकठा घाटावर वैशाखातील दुपारी अनवाणी उतरणाऱ्या माणसाला दगडी पायरीचा प्रथम चटका बसतो. पाऊल आपोआप वर उचलले जाते. तळव्याची आग जाणवू लागते ती त्यानंतर, आणि ती बराच वेळ टिकते. मराठी माणूस या दोन संवेदनांना दोन निराळी नावे देतो. एकाच दुःखाला भाषेने दोन शब्द खर्च केले असे येथे वाटण्याचा संभव आहे. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही दुःखे खरोखरीच दोन आहेत.

त्वचेतून वेदनेचा संदेश नेणारे मज्जातंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारच्या तंतूंवर मेदाचे पातळ आवरण असते व त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे 5 ते 30 मीटर वेगाने धावतो. दुसरे तंतू अधिक बारीक व निरावरण असून त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढाच असतो. तळव्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर साधारण एक मीटर धरले, तर चटक्याची वर्दी क्षणार्धात पोहोचते आणि आगीची वर्दी सेकंदभर मागे रेंगाळते. हा क्रम उन्हात पोळलेल्या प्रत्येकाने अनुभवलेला असतो.

इंग्रजीतही अशा शब्दांचा एक दाट पुंजका आहे. ‘प्रिक’ म्हणजे सुईच्या टोकासारखे क्षणिक टोचणे. ‘स्टिंग’ हा मुळात नांगीचा शब्द. त्यात टोचण्याबरोबर मागे राहणारी जळजळही येते. ‘स्मार्ट’ ही जखमेवर मीठ पडल्यावर होणारी चरचर होय. हाच शब्द पुढे चलाख माणसाला लागू झाला, आणि मूळची वेदना आज पुष्कळांच्या लक्षातही नसते. ‘टिंगल’ म्हणजे अंगावरून मुंग्या चालल्याचा भास. मराठीतील टिंगलीशी त्याचा काही संबंध नाही, हे शाळकरी वाचकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनावाचक 78 शब्द 20 गटांत मांडलेले असून प्रत्येक गटात सौम्य शब्द आधी व तीव्र शब्द नंतर येतो. एका गटाचा क्रम असा: झिणझिण्या, खाज, चरचर, आणि शेवटी नांगीसारखा डंख. मराठी वाचक येथे थबकेल. खाज ही वाढलेली झिणझिणी आहे, असे मराठी कान कबूल करणार नाही. अशा प्रश्नावलीचे भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. त्या त्या भाषेतील रुग्णांनाच विचारून उतरंड नव्याने बसवावी लागते.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न नव्हे. ‘छातीत कळ आली’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा डॉक्टराने त्यातून काय समजावे? हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळदा टोचल्यासारखे वाटतच नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखा दाब वाटतो. इंग्रजी बोलणारे रुग्णही ‘शार्प’ हा शब्द कित्येकदा नुसत्या ‘फार’ या अर्थी वापरतात. म्हणून कुशल डॉक्टर एका शब्दावर न थांबता दुखणे कसे सुरू झाले, कोठे पसरते, किती वेळ टिकते हे विचारतो. मराठीत टोचणे क्षणाचे, बोचणे रेंगाळणारे. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर येतो, सणक एकाएकी उठून निघून जाते. हुळहुळणे स्पर्श होताच जाणवते. एवढी सूक्ष्म साधने हाताशी असता नुसते ‘दुखते’ म्हणून थांबणे रुग्णाच्याच तोट्याचे ठरते.

वेदनेचे असे वर्गीकरण काशीला नवे नाही. सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी शिष्यांना शल्यतंत्र शिकवितो. व्रणांच्या वेदना सांगताना त्या ग्रंथात तोदन म्हणजे टोचणे, छेदन म्हणजे कापणे, मंथन म्हणजे घुसळणे असे भेद केलेले आढळतात. दाहाच्याही ओष, चोष, परिदाह अशा छटा आहेत. चुमचुमायन हा त्यांतील शब्द तर मराठीच्या चुरचुर, झिणझिण यांसारखाच नादावर उभा आहे.

मात्र जुने शब्द वाचताना एका ठिकाणी हमखास पाय घसरतो. आयुर्वेदातील ‘कटु’ रस म्हणजे कडू नव्हे, तर तिखट. सुंठ, मिरे व पिंपळी यांना मिळून त्रिकटु म्हणतात ते याच अर्थाने. कडुनिंबाची चव ‘तिक्त’ होय. कटु शब्दापासून मराठी ‘कडू’ झाला आणि वाटेत त्याने चव बदलली. ‘तिखट’ मात्र तीक्ष्ण या शब्दाच्या कुळातील आहे. काशीच्या बाजारात जुना अर्थ अजून टिकून आहे. तेथे मोहरीच्या तेलाला ‘कडुआ तेल’ म्हणतात. नव्याने तेथे राहावयास गेलेला मराठी माणूस ते चाखून पाहील, तर त्याला कडवटपणापेक्षा नाकात चढणारा झणका अधिक जाणवेल.

मोहरीचा हा झणका आणि मिरचीची आग यांत फरक आहे. मोहरीतील तीक्ष्ण द्रव्य बाष्परूपाने उडून नाकात शिरते. मिरचीतील कॅप्सायसिन उडत नाही, म्हणून ते जिभेवर व ओठांवर बसून राहते. 1997 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅप्सायसिन ज्या प्रथिनाला चेतविते ते शोधून काढले. तेच प्रथिन सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही चेतते. मिरचीने तोंड ‘भाजते’ ही म्हणून नुसती उपमा नाही. मेंदूला मिळणारी वर्दी खरोखरच भाजल्याची असते, फक्त भाजलेले काही नसते. मोहरीचे द्रव्य दुसऱ्याच प्रथिनाला चेतविते. या संशोधनाबद्दल ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर मिळाले. पक्ष्यांमधील हे प्रथिन कॅप्सायसिनला दाद देत नाही. पोपट हिरवी मिरची खुशाल कुरतडतो तो यामुळेच. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाण्यापेक्षा घोटभर दूध बरे.

विड्यात चुना जास्त झाला, तर तोंड पोळते ते मात्र खरे पोळणे. चुना हा तीव्र अल्क असून तो तोंडातील नाजूक त्वचेला प्रत्यक्ष इजा करतो. काशीत दिवाळीला सुरण खाण्याची रीत आहे. ते कच्चे राहिले, तर जीभ खाजते. त्याचे कारण आणखी निराळे. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेत रुततात. ज्याला आपण खाज म्हणतो, ते अशा वेळी शब्दशः टोचणेच असते.