औषधाने कान जाऊ नये म्हणून स्टेम सेल? नेमकं काय चाललंय?

मालवणच्या लिलावात सुरमई पाहिली असेल, तर तिच्या अंगावरची बारीक रेष आठवा. कल्ल्यामागून निघते आणि शेपटीकडे एकदम खाली वाकते. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या केसपेशी याच रेषेत असतात. आपल्या कानातही तशाच पेशी आहेत, एका कानात साधारण १५,०००. पण झेब्राफिशसारख्या माशांमध्ये त्या मेल्या तर नव्या येतात. आपल्या गेल्या की गेल्या.

काही औषधंही त्या मारतात. टीबीवरचं कॅनामायसिन, जेंटामायसिन, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन. कॅनामायसिनसारखी औषधं केसपेशीत शिरतात ती आवाजाने उघडणाऱ्या दारांतूनच! आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. बोलणं ऐकू येत असतं, म्हणून सुरुवातीला नुकसान कळतच नाही.

मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ मध्ये टीबीच्या उपचारातच गेली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन टाळायला सांगितलं आणि बेडाक्विलिनच्या गोळ्यांना पसंती दिली. गोळी होती, पण महाग. नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले (त्यांचेही कान याच उपचारात गेले) यांनी बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

मग स्टेम सेल कुठे येतात? एक वाट नव्या पेशी बसवण्याची. २०१२ मध्ये शेफील्डच्या शास्त्रज्ञांनी मानवी स्टेम सेलपासून केलेल्या चेतापेशी बहिऱ्या जर्बिलच्या कानात सोडल्या आणि ऐकणं काही प्रमाणात परतलं. पण त्या चेतापेशी होत्या, केसपेशी नव्हेत. दुसरी वाट बचावाची: नाळेतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल जे पदार्थ सोडतात, ते सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांत केसपेशी वाचवताना दिसलेत. हे बहुतेक काम अजून प्राण्यांवरच आहे. त्यामुळे ‘स्टेम सेलने बहिरेपण बरं’ अशी जाहिरात मोबाइलवर आली, तर पैसे खिशातच ठेवा.

आज मान्यता आहे ती साध्या सोडियम थायोसल्फेटला. सिस्प्लॅटिन घेणाऱ्या, पण कॅन्सर न पसरलेल्या मुलांसाठी अमेरिकेने ते २०२२ मध्ये मंजूर केलं.

घरात कुणाला अशी इंजेक्शनं सुरू होणार असतील, तर आधीच ऑडिओमेट्री मागा, मध्येमध्येही करा. आईकडच्या कुणाचे कान इंजेक्शननंतर गेले असतील तर डॉक्टरांना सांगा. ही नाजूकता आईकडून येऊ शकते. कानात शिट्टी वाजायला लागली तर त्याच दिवशी कळवा. औषध मात्र स्वतःहून थांबवू नका.