मेदाचा चयापचय आणि आनुवंशिकता : पुणे जिल्ह्यातील एका संशोधनाच्या निमित्ताने

मधुमेह हा सुखवस्तू व स्थूल माणसाचा रोग होय, ही समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातील सहा अवर्षणप्रवण खेड्यांत जी मोजमापे घेतली, त्यांपुढे ती टिकत नाही. तेथील अर्भकांचे सरासरी वजन 2.7 किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे 3.5. वजनातील ही तूट सर्व ऊतींत सारखी नव्हती, हे विशेष. दंडाचा व पोटाचा घेर फार कमी होता, परंतु पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने पुष्कळच टिकून होता. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा अर्भकाला कृश तथापि मेदयुक्त असे म्हटले आहे.

याचे मूळ जनुकांत शोधण्याचा मोह साहजिक आहे. एफटीओ या जनुकातील भेदाचा स्थूलतेशी संबंध 2007 मध्ये युरोपीय लोकांत दिसून आला. तेथे हा भेद वजन वाढवून मधुमेहाकडे नेतो. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक यांच्या सहभागाने पुणे व म्हैसूर येथील लोकांवर झालेल्या अभ्यासात (2009) मात्र, वजनाचा परिणाम वजा केल्यावरही मधुमेहाशी असलेला संबंध शिल्लक राहिला. तथापि अशा एकेका भेदाचा प्रभाव अल्प असतो. जन्मतःच दिसणारा एवढा मोठा फरक त्याच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून ब१२ जीवनसत्त्वाकडे वळणे प्राप्त होते. मानवी शरीरात केवळ दोन विकरांना त्याची गरज असते. त्यांपैकी एक विकर मेथिलमॅलोनिल सहविकर-अ याचे सक्सिनिल सहविकर-अ मध्ये रूपांतर करते. ही पायरी अडली की साचलेले द्रव्य मेदाम्लांना तंतुकणिकेत नेणारी यंत्रणा रोखत असावे; परिणामी मेद जळण्याऐवजी साठतो, अशी उपपत्ती आहे. दुसरे विकर मेथिओनिन तयार करते, व त्याच्याच द्वारे डीएनएला मेथिल गट पुरवले जातात. जनुकाचा मजकूर तोच राहतो. तो किती वाचला जावा, हे बदलते. मेदाचा चयापचय आणि आनुवंशिकता यांची गाठ येथे पडते.

उपर्युक्त खेड्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब१२ कमी होते. फोलेटची उणीव मात्र जवळजवळ नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली असता, ज्यांच्या मातांमध्ये ब१२ कमी व फोलेट अधिक होते, त्या मुलांत इन्शुलिनरोध सर्वाधिक आढळला (2008). गर्भवतीला फॉलिक आम्लाच्या गोळ्या देणाऱ्या देशात हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. त्यावरून गोळ्या बंद कराव्यात असे मात्र कोणी समजू नये. अर्भकाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यास फोलेट अवश्यच आहे. प्रश्न आहे तो त्याच्या जोडीला ब१२ देण्याचा. शिवाय निरीक्षणातून दिसलेला संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेत ब१२ तोडलेल्या उंदरांच्या पिलांत पोटातील मेद वाढलेला दिसला, हा पुरावा अनुकूल खरा. पण उंदीर तो उंदीर. याच कारणास्तव, त्या खेड्यांत जन्मलेल्या मुलामुलींना पौगंडावस्थेतच, म्हणजे गर्भधारणेपूर्वी, ब१२ देऊन पाहणारा प्रयोग 2012 मध्ये हाती घेण्यात आला.

राहता राहिला प्रश्न व्याप्तीचा. ही सहा खेडी कोरडवाहू मुलखातील. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत, धो धो पावसाचे व भातशेतीचे. तेथील मातांच्या ताटात दूध, मासळी वा मांस किती येते, यावर त्यांच्या रक्तातील ब१२ अवलंबून राहणार, कारण धान्यात व भाजीत ते नसते. एका मुलखाचे आकडे दुसऱ्याला लावण्यापूर्वी तेथील रक्त तेथेच तपासले पाहिजे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील असा हा विषय आहे.